यंदा काय पेरलंत, मावशी?

आमच्या रानावरून विमान गेलं की मी अजूनही हातातलं काम थांबवते. आवाज पार लांब जाऊन विरेपर्यंत ऐकत राहते आणि मगच खुरपं पुन्हा मातीत घालते. सून हसते. म्हणते, "आत्याबाई, तुमच्या कानाला विमानाची सवय व्हायला आजून किती वर्षं पायजेत?" तिला कसं सांगू की सवय लागलीय म्हणूनच ऐकते. ज्या बाईनं ती लावली ती आता इथं नाही. आणि आता मला कुणी विचारतही नाही, की यंदा काय पेरलंत.

धाराशिवच्या बाहेर माळावर धावपट्टी आहे. तिथं पोरापोरींना विमान चालवायला शिकवतात. विमानं लहान, दोन माणसं बसतील एवढीच, आवाजाला मात्र कमी नाहीत. धावपट्टीच्या शेपटाला तारेचं कुंपण, कुंपणाच्या कडेनं बाभळी, आणि बाभळी संपल्या की आमचं रान सुरू होतं; बांधावर कडुलिंब, म्हणून तिला लिंबाची पट्टी म्हणतात. काळी, सपाट, मधे ना विहीर ना खांब. माझ्या सासऱ्यांनी ती घेतली तेव्हा वर विमान येईल असं त्यांच्या स्वप्नातही नसेल.

नसीमबाई त्या शाळेत शिकवायची. नळदुर्गची. हमरस्त्यावर वडिलांचं टायरचं दुकान, मागं थोडीशी कोरडवाहू जमीन. तिथून ही बाई आभाळात कशी गेली ते मी तिला कधी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

पहिल्यांदा दिसली तेव्हा मी साठीच्या अलीकडं होते. गुडघे दुखत नव्हते, त्यामुळं अक्कल यायचीही काही घाई नव्हती. खुरपं घेऊन बांधावर बसले होते. बघते तर पांढरा शर्ट, काळी पँट, खांद्यावर पट्ट्या आणि डोक्याला घट्ट बांधलेली ओढणी, अशी एक बाई माझ्या मोकळ्या रानात फिरतेय. थोडं चालायची, थांबायची, टाच मातीत रुतवून बघायची, परत चालायची. मला वाटलं, झालं! धावपट्टी वाढवायला सरकारनं मोजणीला बाई पाठवली. खुरपं उगारून मी तिच्या अंगावर धावले.

"ए बाई! कुणाला इचारून आलीस रानात?"

"सलाम, मावशी. यंदा इथं काय पेरणार?"

"तुला काय करायचंय? आमाला जमीन द्यायची न्हाय. लईच हौस आसंल तर माझ्या मढ्यावरून न्या तुमचं विमान!"

ती खुरप्याकडं बघत शांतपणे म्हणाली, "कुणाच्या मढ्यावरून न्यायला लागू नये म्हणूनच आलेय, मावशी. चढतानाच इंजिन बंद पडलं तर माझी पोरं उतरणार कुठं? समोर तुमचंच रान आहे."

"माझ्या रानात इमान उतरणार?"

"अल्ला करो, कधी न उतरो. पण उतरलंच, तर इथं."

शहाण्या बाईनं यातलं पहिलं वाक्य ऐकलं असतं. मी दुसरं ऐकलं. सगळ्या गल्लीत सांगून आले, की विमान उतरवायला माझं रान निवडलंय. पुढचा आठवडाभर ठेवणीतलं लुगडं नेसून बांधावर जात होते. म्हटलं, विमान उतरलंच तर चार माणसांत आपण बऱ्या दिसाव्यात. हसा, मीही हसते. पण कधी कधी वाटतं, देवानं तेव्हा ते ऐकून ठेवलं असावं.

मग ती येतच राहिली. दर हंगामाला धावपट्टीच्या दोन्ही टोकांची रानं पायी फिरायची आणि भेटेल त्याला एकच प्रश्न. गावात निम्म्या लोकांना ती कृषी खात्याची बाई वाटायची. एक जण तर तिला बोंडअळीवरचं औषध विचारून गेला, आणि तिनंही सांगितलं! पिकांची तिची प्रतवारी आमच्यापेक्षा वेगळी. हरभरा, सोयाबीन ऐकलं की चेहरा खुलायचा. ज्वारीला म्हणायची, "चालंल. उंच आहे, पण वाकती." तुरीला मान हलवायची, "लाकूड आहे ते." ऊस म्हटलं की गप्प. आणि द्राक्षाचं नाव काढलं की उठून उभी राहायची. द्राक्षाच्या मांडवाला लोखंडी तारा असतात. विमान तारेत गेलं की संपलं.

चहाला आमच्या वस्तीवर यायची. ग्लास हातात आला की आधी उन्हाकडं धरून बघायचा, मग प्यायचा. सुरुवातीला मला राग यायचा. वाटायचं, माझ्या चहात कचरा शोधते की काय. मग कळलं की सवय कामातली आहे. सकाळी विमानाच्या पंखाखालून पेट्रोल काचेच्या नळीत घ्यायचं आणि उजेडाला धरायचं. रात्री पाऊस झाला की टाकीत पाणी शिरतं. पाणी तळाला बसतं आणि इंजिनाला पोचतं. "इंजिन पाणी पीत न्हाय, मावशी. पाजलं तर वर नेऊन सोडतं." ही सवय हाताला अशी लागली होती, की आमचं शेंगदाण्याचं तेलसुद्धा ती उजेडाला धरायची. दूधवाला तर ती ओसरीवर दिसली की मागल्या दारानं यायला लागला.

उतरणं बिघडायला लागलं तर हट्टानं चाक टेकवायचं नाही, जोर द्यायचा, पुन्हा वर जायचं, पुन्हा यायचं. हे ती पोरांना इतक्यांदा सांगायची की मलाही पाठ झालं. म्हणायची, "लाजेपायी उतरतात आणि मोडतात. मित्र बघतायत, सर बघतायत, मग दणादणा आपटतील, पण परत वर जाणार न्हाईत." मी एकदा चोंबडेपणानं विचारलं, "लग्न का गं केलं नाहीस?"

"उतरायला गेले होते की दोनदा. पट्टी बरोबर दिसंना. परत वर गेले."

आणि येडाईच्या यात्रेतली गंमत. येरमाळ्याला एका पोराच्या मामाचं पेढ्याचं दुकान. पोरगं एकटं विमान घेऊन गेलं आणि यात्रेवरून इतकं खालून नेलं की मामानं दुकान सोडून टोपी हलवली. ही बातमी नसीमबाईला एसटीत कळली, कारण सगळी बस तेवढंच बोलत होती. तिनं त्या पोराला विमानावरून उतरवलं आणि धुवायला लावलं, दुसऱ्यांची विमानं, रोज. तो रडकुंडीला आला तेव्हा म्हणाली, "खालची माणसं तुला हात करत व्हती. तू त्यांना बघत व्हतास. मग तुझा वेग कोण बघत व्हतं रे? मामा?"

अशी ती. पोरं तिला घाबरायची आणि तिच्याच डब्यातलं खायची.

त्यांतच विकास होता. ढोकीकडचा, उसाच्या घरातला. हसरा, दांडगा, डोक्यावर तेल थापलेला. घरून आला की माझ्यासाठी काकवी आणायचा आणि दारातूनच ओरडायचा, "आज्जे, भाकर टाक!" त्याच्याच बरोबर माझी मुक्ता शिकत होती, माझ्या थोरल्याची लेक. लहानपणापासून बाभळीखाली बसून विमानं बघायची. तिला शाळेत घातलं तेव्हा मी नसीमबाईला म्हटलं, "पोरगी तुझ्या पदरात घातली." ती म्हणाली, "मला पदर न्हाय, मावशी. मला फकस्त ओरडता येतं."

श्रावण संपत आला होता. रात्रभर झड लागून सकाळी उघडलं. मी पट्टीत सोयाबीन बघायला गेले होते. गुडघ्याएवढं, फुलावर आलेलं, असं की त्यात पाऊल टाकताना श्वास आवरून धरावा. बाभळीवरून विमान वर आलं. रोजचा आवाज. मग त्याला खोकल्यासारखं काहीतरी झालं आणि आवाजच गेला.

अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. विमान माझ्या डोक्यावर होतं आणि वाऱ्याच्या सुसाट्याशिवाय काही नव्हतं. ते पुढं आलं, आमच्या पट्टीवर आलं, आणि मग कललं. धावपट्टीकडं परत वळायला लागलं. अर्धंही वळलं नसेल, एक पंख एकदम खाली गेला. सूप जरा जास्त तिरपं झालं की दाणे जसे घसरतात, तसं ते आभाळातून घसरलं. बाभळीपलीकडं. पुढचं मला दिसलं नाही. ऐकू आलं.

एका पंखाखालचं पेट्रोल त्यानं बघितलं होतं, दुसऱ्याखालचं राहिलं, असं म्हणतात. खरं काय ते विकासबरोबर गेलं.

नसीमबाई त्या दिवशी दुसऱ्या पोराला घेऊन हवेत होती. तिनं वरून बघितलं.

कितीतरी दिवस ती आली नाही. आली तेव्हा ओसरीच्या कडेला बसली. चहा दिला, तो तिनं उजेडाला धरला नाही. तसाच गार होऊ दिला.

"मावशी, त्यानं मागं वळायला नको होतं. येवढ्या कमी उंचीवरून धावपट्टी गाठता येत न्हाय. वळताना पंखाला जास्त वेग लागतो, आणि इंजिन बंद, म्हंजे वेग न्हाय. पंख हवा सोडतो. नाक खाली घालायचं आणि समोर जायचं. विकासला हे झोपेत इचारलं आसतं तरी सांगितलं आसतं त्यानं."

"मग गं का वळला?"

"खाली तुमचं सोयाबीन व्हतं."

मला कळेना. ती माझ्याकडं न बघता बोलत राहिली.

"मी पोरांना काय सांगायची? समोर मोकळं रान बघा, तिथं घाला. मोकळं! श्रावणात आपल्या मुलखात मोकळं रान आसतं का हो? इथून तिथून उभं पीक. शहरातल्या पोरांना काय, सगळं हिरवंच दिसतं, ती घालतात. पण ही आपली पोरं. मी तुरीतून पळाले म्हणून आब्बांनी मला मारलं व्हतं. आयुष्यात तेवढं एकदाच. ते पायाला आजून याद आहे. विकासच्या पायालाही आसणार. त्यानं खाली बघितलं, फुलावर आलेलं पीक दिसलं, मोकळं न्हाय. मग त्याला मागं धावपट्टी मोकळी दिसली. माझाच शब्द ऐकला त्यानं, मावशी. मोकळं शोधत गेला."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो राहू दिला. मग म्हणाली, "आणि मुक्ता पण वळती."

"काय?"

"मी रोज बघते. वर गेल्यावर इंजिन हळू करते आणि इचारते, बंद पडलं, आता कुठं? दर वेळी तुमची मुक्ता पडीक रान हुडकते. पीक सोडून, बांध सोडून, गोल गोल फिरत. तोवर उंची संपलेली आसती. हात लई चांगला आहे तिचा. पण दर वेळी वळती."

मी ते घरात सांगितलं. थोरला म्हणाला, शाळा बंद, पोरगी घरी. मुक्ता ऐकेना. रडून, भांडून, अबोला धरून ती जातच राहिली. नसीमबाईनं मात्र तिला एकटीला विमान देणं थांबवलं. शाळेतले वरचे लोक तिला म्हणायचे, "मॅडम, पोरगी तयार आहे, मागची पोरं खोळंबलीत, तुम्ही अडवता कशाला?" ही म्हणायची, "पीक बघून घाबरती ती." ते हसायचे. पिकाला कोण घाबरतं?

त्या दिवसांत नसीमबाई वेड्यासारखी फिरली. आमच्या डाव्या अंगाला महादूआण्णांनी द्राक्षाच्या मांडवाचे लोखंडी अँगल उभे करायला घेतले होते. ही त्यांच्या बांधावर जाऊन उभी राहिली. मीही होते बरोबर.

"आण्णा, धावपट्टीच्या समोर आहे हे. बाग जरा तिकडं सरकवा."

"रान काय खाट हाय का मॅडम, सरकवायला?"

"पोरं मरतील हो, आण्णा."

"तुमचं इमान पडंल म्हणून म्या बाग लावू न्हाय का? आणि पडू देऊ नका की. पाडता कशाला?"

 त्यांनी ओढलेली पहिली तार होती, ती मुठीत धरून नसीमबाई उभी राहिली. सोडली तेव्हा तळव्यावर वळ उठला होता. उजव्या अंगाला कुणा व्यापाऱ्याच्या गोदामाचा पाया खणला जात होता. तिथं तर तिला आतही घेतलं नाही. परतताना म्हणाली, "आता फकस्त तुमची पट्टी राहिली, मावशी."

सोयाबीन निघालं. पट्टीत मी अर्धा हरभरा आणि अर्धी ज्वारी केली, तिला विचारून. हरभऱ्याला कोवळे घाटे धरायला लागले तेव्हा ती आली आणि म्हणाली, "एक मागू? पोरांना तुमच्या हरभऱ्यातून चालवायचंय. तुडवत."

मी उठून आत गेले.

ज्यांनी शेत केलं नाही त्यांना यात काय एवढं असं वाटेल. शेजाऱ्याची शेळी हरभऱ्यात शिरली म्हणून मी तिच्या सात पिढ्या काढलेल्या. आम्ही उभ्या पिकात पायताणसुद्धा घालून जात नाही. आतमध्ये चुलीपुढं बसून मी भाकरी थापायला घेतली. एकीलाही आकार येईना. मग बाहेर येऊन म्हटलं, "रविवारी आण."

रविवारी पोरं आली. पुण्यामुंबईची होती ती बागेत आल्यासारखी आत शिरली, घाटे तोडून खायला लागली. आमच्याकडची पोरं बांधावर थबकली. मग दोन ओळींच्या मधून, कडेकडेनं, चवड्यावर, चोरासारखी चालली. आणि मुक्तानं बांधावर बसून बूट काढले.

"बूट घाल!" नसीमबाई एवढ्यांदा ओरडली की लिंबावरचे पोपट उडाले. "बूट घाल, मुक्ता! पायात बूट आसताना जायचं. तुडव ते!"

मुक्तानं बूट घातले. पाय उचलला. तो तसाच हवेत राहिला, खाली येईना.

"मॅम, आजीचा आहे."

"आजीचा आहे म्हणूनच! दुसऱ्याच्या पिकात उतरायला लागलं तर काय करशील?"

पाय खाली आला तो बांधावर. नसीमबाई माझ्याकडं वळली. तिचा चेहरा असा झाला होता की मला तिच्याकडं बघवेना.

"मावशी, तुम्ही चला. पुढं चला."

मी चपलेसकट गेले. पहिल्या पावलाला खाली कडकन आवाज आला. ओलं, कोवळं काहीतरी मोडल्याचा. दुसऱ्या पावलाला डोळ्यांतून पाणी आलं, ते हरभऱ्याच्या पाल्यावरची आंबट आंब डोळ्यात गेली म्हणून, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. आंब काय उडी मारून डोळ्यात जाते? पण चालले. मधे उभी राहून म्हटलं, "ये गं भवाने. तुझ्या आज्ज्यानं बघितलं आसतं तर मला घराबाहेर काढली आसती. आता तरी ये."

मुक्ता बांधावर बसून ओक्साबोक्शी रडत होती. नसीमबाई तिच्यासमोर मातीत गुडघ्यावर बसली. हात जोडले तिनं, पोरीपुढं. "एक रोप, बेटा. एकच. माझ्यासाठी तुडव."

मुक्तानं उठून एका रोपावर पाय दिला. डोळे मिटून. बस, तेवढंच झालं त्या दिवशी.

पुढं कितीतरी सकाळी नसीमबाई तिला वर नेत होती, इंजिन हळू करत होती, विचारत होती. हळूहळू मुक्ताची उत्तरं बदलली. "आजीचा हरभरा." "तो गहू." "ती ज्वारी." न वळता, न शोधता. अखेर नसीमबाईनं मुक्ताला एकटीनं विमान न्यायला परवानगी दिली. पण मला म्हणाली, "वर तोंडानं दिलेलं उत्तर आणि खरंच खाली येताना दिलेलं उत्तर एकच आसंल का? मला न्हाय माहीत, मावशी. हे शिकवायची जागाच कुठं न्हाय."

मुक्ता एकटी उडायची तेव्हा नसीमबाई धावपट्टीच्या टोकाला, कुंपणापाशी, हातात वायरलेस घेऊन उभी राहायची. पोरगी नजरेआड होईपर्यंत हलायची नाही.

त्या सकाळी मी ज्वारीत पाखरं हाकत होते, पत्र्याचा डबा वाजवत. कणसं भरत आलेली. ज्वारी माझ्या डोक्याच्या वर. बाभळीपलीकडून विमान वर आलं, आणि मी डबा थांबवला. मला सवय होती ना आता.

खोकल्यासारखं झालं. आवाज गेला.

ज्वारीत मला काही दिसेना. मी धडपडत हरभऱ्यात आले. विमान पट्टीवर येत होतं, मोठं होत होतं. मुक्ताच होती. आणि ते जरासं कललं. विकासचं कललं होतं तस्संच. मी डबा फेकून दिला आणि आभाळाकडं बघत बोंबलले, "घाल! मेले, घाल माझ्या पिकात! घाल!" तिला कुठलं ऐकू जाणार! कुंपणापलीकडून दुसरा आवाज येत होता, फाटलेला. तीही तेच ओरडत होती.

पंख सरळ झाले. नाक खाली आलं. विमान माझ्या डोक्यावरून इतकं जवळून गेलं की पदर उडाला. हरभऱ्याला चाटून ते ज्वारीत शिरलं. वाळलेला कडबा एकदम फाडावा तसा लांबलचक आवाज झाला आणि शेवटी एक दणका.

मी पोचले तेव्हा ते नाकावर उभं होतं. मुक्ता पट्ट्यात लटकलेली. कपाळ फुटलेलं, एक खांदा विचित्र लोंबत होता. डोळे उघडे. मला बघितलं आणि म्हणाली, "आजी, ज्वारी गेली गं."

"आग लाव तुझ्या ज्वारीला!" मी म्हटलं. पुढं काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

नसीमबाई तारेच्या कुंपणातून आली होती. बाही फाटलेली, दंडाला रक्त. तिनं आधी विमानाच्या आत हात घालून काय काय बंद केलं, मग आम्ही दोघींनी मुक्ताला बाहेर ओढलं. लांब नेऊन धसकटांत बसवलं. पोरीला धड बसताही येत नव्हतं, पण हिला थांबवेना.

"मागं बघितलंस?"

"बघितलं."

"वळावं वाटलं?"

मुक्तानं मान हलवली. हो.

"मग?"

"मग बूट घातले, मॅम."

नसीमबाईनं तोंडावर हात दाबला.

मुक्ताचा खांदा भरून आला. शाळाही तिनं पुरी केली, हट्टी आहे, माझ्यावर गेलीय. नसीमबाईला मात्र चौकशीला बोलावलं, आणि त्यानंतर ती शाळेत दिसली नाही. कुणी म्हणतं काढलं, कुणी म्हणतं तिनंच सोडलं. नळदुर्गला दुकान बंद, फोन लागत नाही. महादूआण्णांच्या बागेला आता घोस लागतात. गोदाम उभं राहून त्यावर पत्रेही चढले. थोरला दर वर्षी म्हणतो, पट्टीत ऊस लावू, पाणी आलंय. मी लावू देत नाही. घरातल्यांना वाटतं, म्हातारीला खूळ लागलंय.

तिला मी शेवटची बघितली ती मुक्ता ज्वारीत उतरली त्याच दिवशी. दवाखान्यातून मी दुपारी मुक्ताचे कपडे न्यायला परत आले होते. वस्तीकडं जाण्याआधी पाय आपोआप पट्टीकडं गेले. माणसं येऊन गेली होती, विमानाभोवती दोरी बांधलेली होती. आत ज्वारीत पडलेला तो रुंद पट्टा, आणि त्यात नसीमबाई एकटी. फाटक्या बाहीनं, वाकलेली. आडवं झालेलं ज्वारीचं एकेक ताट उचलायची, सरळ उभं करायची, बुडाशी टाचेनं माती दाबायची. हात सोडला की ते ताट हळूहळू परत आडवं व्हायचं. मग ती पुढचं घ्यायची. जिनं आम्हाला तुडवायला शिकवलं, ती.

मी जवळ जाऊन उभी राहिले. तिनं वर बघितलं नाही.

"मावशी, ही उठतील का हो?"

खोटं बोलायला मी कधी मागंपुढं बघितलेलं नाही. त्या दिवशी जमलं नाही.

"न्हाय गं. मोडलेली ज्वारी उठत न्हाय."

"न्हाय ना?" ती म्हणाली, आणि पुढचं ताट उचललं.